हॉलमधलं खडप

बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षी आम्हाला समुद्रशैवालांचं हर्बेरियम करायचं होतं. रत्नागिरीजवळच्या आमच्या गावाचा किनारा खडपाळ, त्यामुळे मला लांब जावं लागलं नाही. पौषातल्या अमावास्येच्या सुकतीला आजी कालवं काढायला निघाली, तिच्या मागून मी बादली घेऊन गेले. ती कातळावर कोयती चालवत होती आणि मी डबक्यांतून एकेक उचलत होते. हिरव्या पतंगी कागदासारखी पातळ उल्वा, अर्धगोल पंखा उघडलेली तपकिरी पडिना, लालसर दोऱ्यांची ग्रॅसिलारिया, द्राक्षाच्या घोसासारखी कॉलर्पा. घरी येऊन ताटात पाणी घेतलं, पाण्याखालून जाड कागद सरकवला, वर शैवाल पसरलं आणि कागद अलगद उचलला. वरून मलमलीचा तुकडा, मग वर्तमानपत्रं, मग पाटा. गोंद लागत नाही. शैवालाचा अंगचा चिकटपणाच त्याला कागदाला धरून ठेवतो.

आठ दिवसांनी मलमल काढली तेव्हा कॉलर्पाची द्राक्षं सपाट झाली होती. गुण चांगले मिळाले, पण मला राहून राहून ते डबकं आठवत होतं, त्यातलं पाणी हललं की सगळं कसं एकदम झुलायचं ते. पुढे लग्न होऊन पुण्यात आले, हिशेबाच्या कामाला लागले आणि वनस्पतीशास्त्र गॅलरीतल्या कुंड्यांपुरतं उरलं. २०२२च्या पावसाळ्यात, मुलगी शिकायला बाहेर पडल्यावर, हॉलमधली तिच्या टेबलाची जागा मोकळी झाली. तिथे ते डबकं आणायचं मी ठरवलं.

खाऱ्या पाण्याची टाकी ठेवणारे लोक पुण्यात बरेच आहेत. पण त्यांचा जीव माशांत किंवा प्रवाळात असतो. त्यांच्या लेखी शैवाल म्हणजे काचेवरून खरवडायची घाण, नाहीतर मागच्या डब्यात वाढवून पाणी स्वच्छ करायचं साधन. मला ते समोर, काचेच्या मध्यभागी, शोभेसाठी हवं होतं. त्यामुळे सुरुवातीला जिथे जिथे सल्ला मागितला तिथे तो उलटा मिळाला. हे मला फार उशिरा कळलं आणि त्याची किंमत शैवालांनी मोजली.

पहिला प्रश्न दगडांचा होता. समुद्रातून आणलेला ‘जिवंत खडक’ वापरायची रीत जगभर आहे, पण आपल्याकडे २००१ पासून प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत आणि तसले खडक म्हणजे बहुतेक प्रवाळाचेच तुकडे. ते घ्यायचे नव्हतेच. मी दगड घरी केले. एक भाग पांढरं सिमेंट, तीन भाग शिंपल्यांचा चुरा आणि मूठ मूठ जाडं मीठ. हा चुरा कोंबड्यांच्या खाद्याच्या दुकानात स्वस्तात मिळतो. ओल्या रेतीत खळगे करून त्यात हा गोळा ओतायचा, दोन दिवसांनी काढायचा आणि गोड्या पाण्याच्या पिंपात टाकायचा. मीठ विरघळून जातं आणि त्याच्या जागी भोकं राहतात. सिमेंटमुळे पाण्याचा सामू (पीएच) सुरुवातीला अकराच्या वर जातो. मी दर तीन दिवसांनी पाणी बदलत होते. साडेआठच्या खाली यायला आठ आठवडे लागले. इथे घाई केली तर पुढचं सगळं जळून जातं, म्हणून दसऱ्याचे दगड मी दिवाळी उलटून गेल्यावरच टाकीत ठेवले.

टाकी तीन फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच. काठोकाठ भरली तर १९० लिटर, पण दगड, रेती आणि वरची मोकळी जागा धरता पाणी साधारण १५० लिटर. समुद्राच्या पाण्यात लिटरमागे ३५ ग्रॅम क्षार असतात. तेवढ्यासाठी सव्वापाच किलोच्या वर मरीन सॉल्ट लागलं. स्वयंपाकाचं मीठ इथे चालत नाही. त्यात मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियम नाही. पाणी आधी घरच्या आरओचं घेतलं. त्याचा टीडीएस, म्हणजे विरघळलेल्या क्षारांचा आकडा, तीस-चाळीस दाखवत होता आणि पिण्याला तो उत्तमच. पण त्यातून सिलिका येत राहिली आणि पंधरा दिवसांत रेतीवर, दगडांवर डायटम या सूक्ष्म शैवालाची तपकिरी साय धरली. आरओच्या पुढे उरलेसुरले क्षार काढणारी डीआय रेझिनची नळी जोडली, टीडीएस शून्यावर आला, तेव्हा ती हळूहळू ओसरली. अमोनियम क्लोराइड टाकून विषारी अमोनिया पचवणारे जिवाणू वसवण्यात पाच आठवडे गेले. अमोनियाचं नायट्राइट, नायट्राइटचं नायट्रेट, हे टाकी ठेवणाऱ्या सगळ्यांना ठाऊक असतं, त्यावर जास्त लिहीत नाही.

दिव्याचं मात्र सांगायला हवं. दुकानात मला निळा दिवा दाखवत होते. निळ्या प्रकाशात प्रवाळ चमकतात म्हणून तो विकला जातो. उथळ डबक्यातल्या शैवालाला दुपारचं पांढरं ऊन लागतं. मी ६५०० केल्विनचा साधा पांढरा एलईडी फ्लडलाइट लावला, ५० वॅटचा, पाण्यापासून वीतभर वर, रोज दहा तास.

*

पहिली शैवालं जानेवारीत आली. मुंबईच्या एका तरुण मुलाने रात्रीच्या बसने पार्सल पाठवलं. त्याच्या टाकीत कापणी निघत होती आणि टाकून देण्यापेक्षा कुणी वाढवलेली त्याला बरी वाटत होती. “ताई, पहाटे स्वारगेटला उभ्या राहा, थंडीत जास्त वेळ ठेवू नका,” असं त्याने चारदा बजावलं. थर्मोकोलच्या डब्यात पाच पिशव्या होत्या. कीटोमॉर्फाचा गोळा, म्हणजे भांडी घासायच्या हिरव्या नायलॉनसारखा दिसणारा, पण एकेक तार काचेसारखी पारदर्शक. पिसासारखी कॉलर्पा आणि द्राक्षाची कॉलर्पा. ग्रॅसिलारियाची लाल जुडी. आणि हॅलिमेडाचं एक झुडूप, निवडुंगाच्या पेरांसारख्या हिरव्या चकत्यांचं.

एका पसरट टबात नवं खारं पाणी घेऊन मी प्रत्येक तुकडा भिंगाखाली धरला. हे कंटाळवाणं काम सोडू नये. एका कॉलर्पाच्या बुडाशी एप्टेशिया होता, नखाएवढा तपकिरी समुद्रफुलासारखा जीव. तो टाकीत गेला असता तर वर्षभर उच्छाद मांडला असता. ब्रायोप्सिस या तणासारख्या शैवालाची दोन बारीक पिसंही निघाली. ग्रॅसिलारियातून मात्र तांदळाच्या कण्यांएवढे अँफिपॉड उड्या मारत बाहेर आले. ते मी जपून टाकीत सोडले, ते सडकं खाऊन जागा झाडत राहतात.

लावणं हा शब्द इथे नीट बसत नाही, कारण शैवालाला मुळं नसतात. अन्न सगळ्या अंगाने पाण्यातून घेतलं जातं. खाली असतो तो फक्त धरून ठेवणारा पंजा. ग्रॅसिलारियाची काडी मी सुपरग्लूच्या जेलने दगडाला चिकटवली, तिने तीन आठवड्यांत स्वतःची चकती पसरून दगड धरला. कॉलर्पाचा आडवा दोर नायलॉनच्या धाग्याने सैलसर बांधला. हॅलिमेडाची बोंडासारखी बुडखी रेतीत पुरली. कीटोला कशाचाच आधार लागत नाही, तो मागच्या डब्यात सोडला आणि त्या डब्याचा दिवा रात्री चालू ठेवला. रात्री समोरची शैवालं श्वसन करतात, पाण्यात कार्बन डायऑक्साइड वाढतो आणि सामू उतरतो. मागे उजेड असला की कीटो तो शोषत राहतो. माझा पहाटेचा सामू ७.८ वरून ८.०५ वर आला तो नुसत्या या दिव्याच्या वेळेमुळे.

पुढच्या महिन्यात दोन क्लाउनफिश आणले, हॅचरीत जन्मलेले, आणि सहा गोगलगायी. आणि कॉलर्पा धावत सुटली. फेब्रुवारीत तिचा दोर रोज बोटाच्या पेरभर पुढे जायचा. रेतीवरून, दगडावरून, काचेच्या कोपऱ्यातून वर. दर बोटभर अंतरावर खाली पांढरे केस सोडायची आणि वर नवं पीस उभं करायची. दुपारी तीनच्या सुमाराला पिसांच्या टोकांवर प्राणवायूचे बुडबुडे धरायचे आणि एकेक सुटून वर जायचे. ऑफिसातून घरी आल्यावर मी पर्स खांद्यावर तशीच ठेवून समोर बसत असे.

हे सगळं, सबंध दोर, सगळी पिसं, सगळे केस, मिळून एक पेशी असते. आत असंख्य केंद्रकं, पण मध्ये भिंत एकही नाही. मीटरभर लांबीचा एकपेशीय जीव, तोही डोळ्यांनी दिसणारा, हातात धरता येणारा. कापलं तर काही मिनिटांत जखमेच्या तोंडावर बूच बसतं आणि दोन्ही तुकडे आपापल्या वाटेने जगतात. कॉलेजात मी हे पाठ केलं होतं. समोर बघताना त्याचा अर्थ पहिल्यांदा कळला.

*

दहा मार्चच्या संध्याकाळी द्राक्षाच्या कॉलर्पाचे मणी मला निराळे दिसले. हिरवा रंग सारखा नव्हता. मध्येच फिकट, मध्येच गडद, जाळीदार साडीसारखा. पिसांच्या कॉलर्पावरही तीच जाळी. बारीक केसांसारखी टोकं पृष्ठभागातून बाहेर आली होती. मला वाटलं, दिव्याचा भास. रात्री झोपले.

पहाटे साडेसहाला उठून हॉलमध्ये आले तर टाकी दिसत नव्हती. काचेच्या आत हिरवट दूध भरलं होतं. टॉर्च लावून बघितलं तर कॉलर्पाच्या जागी तिची पांढरी, पारदर्शक कातडी उभी होती, हात लागताच विरघळेल अशी. दोन्ही मासे पाण्याच्या वरच्या थराला तोंड लावून धापा टाकत होते.

कॉलर्पाच्या प्रजननाची हीच रीत आहे. वेळ आली की पेशीतला सगळा ऐवज, शेवटच्या थेंबापर्यंत, जननपेशी होऊन एकाच वेळी पाण्यात सोडला जातो, आणि जीव संपतो. कॅरिबियन समुद्रात पनामाजवळच्या प्रवाळखडकांवर हिरव्या शैवालांचं असं सामूहिक सोडणं शास्त्रज्ञांनी पाहून ठेवलं आहे. पहाटेच्या आधी काही मिनिटांच्या अवधीत, आणि प्रत्येक जातीची वेळ ठरलेली. समुद्रात हा सोहळा आहे. १५० लिटर पाण्यात तो जीवघेणा ठरतो, कारण मेलेल्या कातडीचं सडणं आणि जननपेशींचं श्वसन मिळून सगळा प्राणवायू ओढून घेतं.

हवेचे दोन पंप लावले, राखीव ठेवलेलं चाळीस लिटर खारं पाणी बदललं, सक्रिय कोळशाची पिशवी प्रवाहात टांगली, कातडी सायफनने ओढून काढली. ऑफिसला रजा टाकली. दुपारपर्यंत मासे खाली उतरले. दोन गोगलगायी गेल्या. तीन दिवसांनी पाणी निवळलं आणि समोर दगड उघडे पडले होते. मी त्या दिवशी रडले, हे लिहायला मला संकोच वाटत नाही.

मग वही उघडली. टाकी सुरू झाल्यापासून मी रोजचे आकडे लिहीत होते. तीन आठवडे नायट्रेट शून्य. फॉस्फेट शून्य. त्या शून्यांपुढे मी दर वेळी बरोबरची खूण केली होती, कारण सगळ्यांनी सांगितलं होतं की शून्य म्हणजे स्वच्छ, शून्य म्हणजे उत्तम. ते शून्य टिकावं म्हणून मी दर आठवड्याला पाचवा हिस्सा पाणी बदलत होते आणि फॉस्फेट शोषणारी पूडही वापरत होते. वहीत त्याच दिवसांच्या इतर नोंदी होत्या. ‘ग्रॅसिलारिया गव्हाच्या काडीच्या रंगाची झाली, छान सोनेरी दिसते.’ ‘कीटोची टोकं पांढरी.’ मीच लिहिलं होतं, माझ्याच अक्षरात. दोन्ही ओळी शेजारी शेजारी होत्या आणि मी त्या जोडल्या नव्हत्या. वाढून वाढून कॉलर्पाने टाकी भरली, खायला काही उरलं नाही, आणि मी कापणीही केली नाही कारण कापायला जीव होत नव्हता. दाटी आणि उपासमार, दोन्ही तिला शेवटाकडे ढकलणारी कारणं.

*

नारायणगावची माझी एक मैत्रीण द्राक्षबागायतदार आहे. तिला फोनवर सगळं सांगितलं. ती म्हणाली, “अगं, तू पीक घेतेयस आणि खत देत नाहीस?” तिच्या तोंडून ते इतकं उघड वाटलं की मला पुढे बोलता येईना. मग तिनेच विचारलं, “नायट्रेट हवंय ना? तेरा शून्य पंचेचाळीस घे. फॉस्फेटला शून्य बावन्न चौतीस. दोन्ही विद्राव्य आहेत, आम्ही ठिबकमधून सोडतो.”

ज्यांना शेतीचं ठाऊक नाही त्यांच्यासाठी: तेरा शून्य पंचेचाळीस म्हणजे पोटॅशियम नायट्रेट आणि शून्य बावन्न चौतीस म्हणजे मोनोपोटॅशियम फॉस्फेट. परदेशातले हौशी लोक हेच क्षार छोट्या बाटल्यांतून महागात विकत घेतात. मी कृषी सेवा केंद्रातून दोन्हींची एकेक किलोची पिशवी आणली, ती मला आयुष्यभर पुरेल. दुकानदार आपुलकीने म्हणाला, “सोबत मायक्रोन्यूट्रिएंट मिक्स घेऊन जा, ताई, काळोखी येते पानाला.” मी पाकिटामागचं वाचलं, त्यात तांबं होतं. तांब्याने गोगलगायी आणि अँफिपॉड मरतात. ते परत दिलं, फक्त चिलेटेड लोह घेतलं.

हिशेब माझ्या हातचा होता. १५० लिटरला नायट्रेट ५ पीपीएमने, म्हणजे लिटरमागे ५ मिलिग्रॅमने, वाढवायला सव्वा ग्रॅम तेरा शून्य पंचेचाळीस लागतं. सोन्याच्या वजनाचा छोटा डिजिटल काटा त्यासाठी घेतला. फॉस्फेट इतकं कमी लागतं की ते थेट तोलता येत नाही. म्हणून एक ग्रॅम पूड अर्धा लिटर आरओ-डीआय पाण्यात विरघळवून ठेवली. त्यातलं दहा मिली टाकलं की ०.१ पीपीएमच्या जवळपास जातं. समुद्रात तरंगणाऱ्या प्लवकांत सोळा नायट्रोजनमागे एक फॉस्फरस असतो, पण मोठ्या शैवालांत ते प्रमाण साधारण तीसास एक आहे, म्हणून माझा भर नायट्रेटवर. ते दहाच्या आसपास आणि फॉस्फेट ०.०५ ते ०.१ यात राहील एवढंच मी बघते. फॉस्फेट शोषणारी पूड काढून टाकली. पाणीबदल दर आठवड्याऐवजी तीन आठवड्यांनी.

पहिला डोस रविवारी सकाळी दिला. गुरुवारी ग्रॅसिलारियाच्या टोकांशी गुलाबी छटा होती. दहाव्या दिवशी ती अख्खी जुडी डाळिंबाच्या दाण्यासारखी लाल झाली होती. तिचा लाल रंग ज्या फायकोएरिथ्रिनमुळे येतो ते प्रथिन आहे, आणि ते तिचं नायट्रोजनचं कोठारही असतं. उपास पडला की ती स्वतःचा रंगच खाते. माझं ‘छान सोनेरी’ म्हणजे रिकामं झालेलं कोठार होतं. वहीतल्या त्या ओळीखाली मी लाल शाईने रेघ मारून ठेवली आहे.

एप्रिलमध्ये उन्हाळ्याने गाठलं. दुपारी हॉल ३६ अंशांवर आणि टाकी ३१ वर. ग्रॅसिलारिया लिबलिबीत होऊ लागली. चिलरची किंमत परवडणारी नव्हती. मी टाकीच्या काठावर चार इंची दोन पंखे पाण्यावर तिरके लावले आणि तापमान २७.५ वर आलं. हे पुण्यात जमतं, कारण इथला उन्हाळा कोरडा आहे आणि पाणी भराभर उडतं. माठ जसा थंड राहतो तसंच. रत्नागिरीच्या किंवा मुंबईच्या दमट हवेत हेच पंखे निम्मंसुद्धा काम करणार नाहीत. पण पाणी उडतं, मीठ उडत नाही. रोज तीन-साडेतीन लिटर गोडं पाणी भरावं लागे, नाहीतर क्षारता चढत जाई. तेव्हाच एकदा क्षारता मोजायच्या हायड्रोमीटरच्या काट्याला बुडबुडा चिकटल्याने मी चार दिवस चुकीचा आकडा धरून बसले होते. त्यानंतर रिफ्रॅक्टोमीटर घेतला. गुरुवारी देखभालीसाठी दिवसभर वीज जाते त्या दिवसांसाठी बॅटरीवरचा हवेचा पंप.

हे वरचं पाणी भरणं हॅलिमेडाच्या कामी आलं. तिच्या चकत्या चुन्याच्या असतात, जगातल्या कित्येक पांढऱ्या किनाऱ्यांच्या रेतीत तिच्या वाळलेल्या चकत्यांचा मोठा वाटा आहे. वाढीला लागल्यावर तिने कॅल्शियम ४२० वरून ३६० पीपीएमवर ओढून आणलं आणि नव्या चकत्या मऊ यायला लागल्या. यावरचा उपाय जर्मन नावाने प्रसिद्ध आहे, पण वर्णन वाचलं आणि मला हसू आलं: ती आपली चुन्याची निवळी. आजी कोहळ्याच्या वड्यांना वापरायची तीच. लिटरमागे दीड ग्रॅम खाद्य प्रतीचा चुना आरओ-डीआय पाण्यात ढवळायचा, रात्रभर निवळू द्यायचा आणि वरचं नितळ पाणी सलाइनच्या नळीने थेंब थेंब टाकीत सोडायचं. निवळीचा सामू बाराच्या वर असतो, म्हणून ती एकदम ओतायची नाही. मी ती रात्री सोडते, जेव्हा टाकीचा सामू आपसूक उतरत असतो. दोन्ही गोष्टी एकमेकींना सांभाळून घेतात. महिन्याभरात कॅल्शियम पुन्हा ४१०.

जूनमध्ये एका रात्री झोप येईना म्हणून पाणी प्यायला उठले आणि मंद टॉर्च टाकीवर फिरवला. हॅलिमेडाच्या प्रत्येक वरच्या चकतीच्या टोकावर एक नवी चकती उभी होती, पांढरी, तांदळाच्या दाण्यासारखी, हिरव्याचा लवलेश नसलेली. संध्याकाळी तिथे काहीच नव्हतं. मी खुर्ची ओढून बसले. पहाट झाली तशी खालच्या चकत्यांतून हिरवेपणा वर सरकायला लागला, आणि आठ वाजेपर्यंत पांढरे दाणे हिरवे झाले होते. हॅलिमेडा नवा भाग रात्री बांधते, जेव्हा चरणारे मासे झोपलेले असतात, आणि हरितद्रव्य पहाटे आत पाठवते. त्या दिवशी दिवसभर ऑफिसात माझं लक्ष नव्हतं.

*

कॉलर्पा पुन्हा लावली का, असं लोक विचारतात. लावली. मुंबईच्या त्याच मुलाने पिसाची पाठवली. आता तिला मी दर रविवारी कापते. टाकीच्या तिसऱ्या हिश्श्यापलीकडे ती जाऊ देत नाही, आणि संध्याकाळी एकदा टॉर्च लावून जाळी दिसते का बघते. एकदा दिसली होती, २०२४च्या ऑगस्टमध्ये. त्याच रात्री तेवढा दोर बाहेर काढला.

कापलेल्याचं काय करायचं हे मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं. १९८४ मध्ये मोनॅकोच्या समुद्रविज्ञान संग्रहालयाखालच्या समुद्रात टाकीतल्या कॉलर्पा टॅक्सिफोलियाचा एक छोटा पट्टा सापडला, जेमतेम चौरस मीटरभर. तेव्हा कुणी उपटला नाही. पुढे ती भूमध्य समुद्राच्या किनाऱ्यांवर हजारो हेक्टर पसरली. २००० मध्ये तीच जात कॅलिफोर्नियातल्या एका खाडीत निघाली, तेव्हा ताडपत्र्या अंथरून खाली क्लोरीन सोडून तिला मारावं लागलं आणि ती संपल्याचं जाहीर करायला २००६ उजाडलं. बहुधा कुठल्याशा टाकीतून निघालेला एखादा तुकडा. म्हणून माझा एकही तुकडा नाल्यात, नदीत किंवा समुद्रात जात नाही, आणि गावाच्या खडपावर तर नाहीच, जिथे याच जातीची बहीण आधीपासून राहते. जे कुणाला द्यायचं ते देते. बाकीचं दोन दिवस डीप फ्रीझरमध्ये, मग उन्हात, मग मीठ जाईपर्यंत तीनदा धुऊन गॅलरीतल्या कढीपत्त्याच्या कुंडीत.

गेल्या दिवाळीत आई रत्नागिरीहून आली. पहिले दोन दिवस तिने टाकीकडे लक्षही दिलं नाही, घरात माशांची हौस असते तसं काही असेल असं तिला वाटलं. तिसऱ्या दिवशी दुपारी मी ऑफिसातून लवकर आले तर ती समोर बसलेली, नाक काठाशी नेऊन. “बाय, सुकतीचा वास येतोय गो इथे,” म्हणाली. मग बोट काचेवर ठेवून एकेक ओळखत गेली, नावांनी नाही, जागांनी. ही देवळाखालच्या कातळातली. ही खाडीच्या तोंडाची, पायाला बुळबुळीत लागते ती. हॅलिमेडावर येऊन थांबली. “ही नाही बघितली.”

रविवारी कापणी होती. ग्रॅसिलारिया दगडापासून चार बोटं वर ठेवून कापली, जुडी ओंजळभर निघाली. नाशिकच्या एका मुलाला अर्धी जाणार होती. उरलेल्यातली एक काडी आईने उचलली आणि विचारलं, “तुझं ते कागदावर चिकटवायचं होतं, ते अजून येतं का तुला?”

ताट काढलं, पाणी घेतलं, जाड कागद सरकवला. आईने दाभणाने एकेक फांदी सोडवली, आजीच्या ताटाशी मी करायचे तशी. मलमलीला तिच्या जुन्या लुगड्याचा तुकडा आणि वर पाट्याऐवजी मुलीची कॉलेजची पुस्तकं. आठ दिवसांनी आई गावी परतल्यावर तुकडा काढला. रंग टिकला होता. खालच्या कोपऱ्यात कॉलेजच्या पद्धतीने रकाने आखले: नाव, दिनांक, स्थळ, गोळा करणारा. नाव लिहिलं, दिनांक लिहिला. स्थळाशी जरा थांबले आणि मग लिहिलं, ‘हॉल, पुणे, खोली दीड फूट.’ गोळा करणाऱ्यात आईचं नाव घातलं.